आक्कांची अर्धी वाटी

मला कुणी स्वयंपाकातलं शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. खोटं कशाला सांगू. शहापूरच्या बाहेर हायवेला लागून आमची खानावळ होती आणि माझी उमेदीची सगळी वर्षं तिथल्या शेगड्यांपुढे गेली. घाट उतरून आलेले ट्रकवाले आमच्याकडे थांबायचे, आणि पुढच्या खेपेला आले की आधी विचारायचे, आज वालाचं बिरडं आहे का. गुडघे बोलायला लागले तेव्हा खानावळ बंद केली आणि आम्ही नवराबायको किन्हवलीच्या पुढे आमच्या गावातल्या घरी राहायला आलो. त्यामुळे ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात माझ्या सुनेच्या वयाची एक बाई चमचा हातात घेऊन मला म्हणाली, 'भरवायचं कसं ते मी तुम्हाला दाखवते,' तेव्हा मी तोंड फिरवून खिडकीबाहेर बघायला लागले. त्या बाईंचं मी ऐकायला हवं होतं हे खरं. पण तिथपर्यंत गोष्ट कशी गेली ते आधी सांगते.

आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मुरबाड तालुक्यात दिलेल्या. मूलबाळ नाही. नवरा गेल्यावरही त्या तिकडेच एकट्या राहिल्या, भात लावला, शेळ्या पाळल्या, कुणापुढे हात पसरला नाही. आमचं दोघींचं भांडण कधी झालं नाही, पण फार गूळपीठही नव्हतं. त्या माहेरी आल्या की सरळ माझ्या चुलीपाशी यायच्या, पातेल्यावरचं झाकण काढून वास घ्यायच्या आणि काही न बोलता झाकण परत ठेवायच्या. ते न बोलणं मला चार शिव्यांपेक्षा जास्त लागायचं. सगळा हायवे माझ्या हाताची तारीफ करतो आणि ही बाई झाकण ठेवून निघून जाते म्हणजे काय. मीही मग त्यांच्या घरी गेले की त्यांच्या आमटीबद्दल चकार शब्द काढायचे नाही. फिट्टंफाट.

गेल्या वर्षी आक्कांना लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि त्याबरोबर बोलणंही गेलं. समजत सगळं होतं, पण तोंडातून 'हां' आणि 'नाय' एवढंच निघायचं, आणि तेही दहादा जोर लावला तेव्हा. दवाखान्यातून त्यांना आमच्याकडे आणलं. ओटीवरच्या खोलीत खिडकीशी खाट टाकली. दवाखान्यातून सोडताना यांना सांगितलं होतं की मऊ आणि गिळायला सोपं द्या. यांनी ते घरी येऊन मला सांगितलं. मी म्हटलं, त्यात सांगायचं काय, ते मला माहीत नाही का.

आमच्या भागात आजाऱ्याला द्यायचं म्हणजे पेज. ताप आला, पेज. पोट बिघडलं, पेज. म्हाताऱ्याचे दात गेले, पेज. शेजारच्या काकीने तर घरच्या तांदळाच्या कण्या आणून दिल्या आणि पातळ कर गो, पाण्यासारखी सरसर गेली पाहिजे, असं बजावून गेली. मीही कण्या रटरटून शिजवल्या, मिठाचा खडा घातला, थोडं तूप सोडलं आणि आक्कांना उशीला टेकवून, जवळजवळ आडवंच ठेवून, वाटीने पेज पाजली. त्यांना ठसका लागायचा. डोळ्यांत पाणी यायचं. मी पाठीवरून हात फिरवायचे आणि म्हणायचे, कुणीतरी आठवण काढली वाटतं. असं चार-सहा दिवस चाललं. मग आक्कांना थंडी वाजून ताप भरला, छाती घरघरायला लागली, आणि आम्ही परत गाडी करून दवाखान्यात.

तिथे कळलं की पेज पोटात जातच नव्हती, निदान सगळी जात नव्हती. थोडी छातीत उतरत होती.

चमच्यावाल्या बाई भेटल्या त्या याच वेळी. लकव्यानंतर गिळायचं कसं हे शिकवण्याचंच त्यांचं काम होतं. मी खिडकीबाहेर बघत होते, तरी त्या शांतपणे सांगत राहिल्या. गळ्यात दोन वाटा असतात, एक जेवणाची, एक श्वासाची. घास आला की श्वासाच्या वाटेवरचं झाकण आपोआप बंद होतं. आक्कांचं झाकण आता सावकाश बंद होतं. पाणी, चहा, पेज यांना थांबायला सवड नसते, झाकण लागायच्या आत ते आत शिरतात. घट्ट घास सावकाश सरकतो, त्याला वेळ देता येतो. म्हणजे ज्याला आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सोपं समजत आलो तेच आक्कांना सगळ्यात अवघड होतं. हे ऐकल्यावर मात्र मी खिडकी सोडली आणि वळून बसले. माझ्याच हाताने मी आक्कांच्या छातीत पेज ओतली होती. 

बाईंनी मला करून दाखवलं. चमचा तिरपा केला तर धार लागता कामा नये, लपका पडला पाहिजे. पाणीसुद्धा त्यांनी लिहून दिलेली पावडर घालून दाट करून द्यायचं. पेशंटला ताठ बसवायचं, हनुवटी किंचित खाली. चमचा लहान. घास चांगल्या बाजूच्या गालाकडून ठेवायचा आणि एक घास गिळला हे गळ्याकडे बघून नक्की झाल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. बोलत बोलत भरवायचं नाही. शेवटी गालात काही राहिलंय का ते बघायचं, तोंड स्वच्छ करायचं आणि अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं. आणि एक सांगितलं ते माझ्या चांगलंच लक्षात राहिलं: पोटात आता थोडंच मावणार आहे, तेव्हा नुसत्या भाताने जागा अडवू नका, प्रत्येक चमच्यात ताकद हवी. डाळ हवी, अंडं हवं, मासळी हवी, वरून तूप हवं, आणि दिवसातून दोनदा ताटभर देण्यापेक्षा पाच-सहा वेळा वाटीभर.

निघताना डॉक्टर आले. वजन फार उतरलंय म्हणाले. महिन्याभराने परत दाखवा, तोंडाने पुरेसं जात नसेल आणि वजन आणखी उतरलं तर नाकातून नळी घालावी लागेल. ते यांच्याशी बोलत होते, पण आक्कांनी ऐकलं. त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं. इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

मला लगेच समजलं. आक्कांच्या यजमानांना शेवटी अशीच नळी होती. आक्कांनी कित्येक महिने त्यातून दूध आणि सत्त्व सोडलं होतं. आम्ही भेटायला गेलो होतो तेव्हा त्या मला मागच्या दारी घेऊन गेल्या होत्या. तिथे मला म्हणाल्या, "मला आसा भरू नका कदी. तोंडान जाईल तोवर घाला, नायतर राहूं द्या." नळीने माणसं बरी होतात, चालत घरी जातात, हे मी त्याच दवाखान्यात डोळ्यांनी पाहिलं होतं. पण आक्कांनी जे पाहिलं होतं ते वेगळं होतं, आणि त्यांचा हात माझ्या मनगटावर होता. मी हां म्हटलं. माझ्या जबाबदारीवर म्हटलं. यांना विचारलंही नाही.

घरी आले आणि पदर खोचला. काकीने पेजेची गोष्ट काढली तर तिला मी दारातच अडवलं. पहिली अडचण आली ती मिक्सरची. बाईंनी सांगितलं होतं की सोपं पडेल तर भात, डाळ, भाजी एकत्र फिरवून घ्या. मी एकदा तसं केलं. जे निघालं ते राखाडी रंगाचं होतं, आणि मला गोठ्यातलं आंबोण आठवलं. माझ्या हातचं आंबोण आक्कांनी खायचं? मी ते खरंच म्हशीला घातलं.

त्यानंतर प्रत्येक पदार्थ वेगळा करायचा असं ठरवलं. गुरगुट्या भात मुगाच्या डाळीसोबत शिजवून, घोटून. भोपळा तुपाजिऱ्याची फोडणी देऊन मऊ करून पुरणयंत्रातून काढलेला, त्याचा केशरी रंग तसाच राहील असा. वाल सोलून, शिजवून, चाळणीवर घासून, वर लसणाची फोडणी, म्हणजे बिरड्याचा वास तरी बिरड्याचाच राहील. सुकट भाजून तिची अगदी बारीक पूड केली, ती डाळीत मिसळायची. पावशेर मासळीने जे होत नाही ते चिमूटभर सुकटीच्या वासाने होतं. अंडं उकडून पिवळा बलक तुपात आणि दह्यात घोटायचा. सकाळी नाचणीचं सत्त्व दुधात शिजवून इतकं दाट की चमचा उभा राहील. संध्याकाळी रताळं. स्टीलच्या एका ताटलीत तीन रंगांचे तीन लहान ढीग ठेवायचे आणि कुठल्या चमच्यात काय आहे ते आक्कांना दाखवून मगच तोंडाशी न्यायचं. शंभर माणसांचा स्वयंपाक ज्या हाताने केला त्या हाताने मी आता मांजराच्या वाटीएवढा स्वयंपाक करत होते, आणि शंभर माणसांपेक्षा जास्त वेळ लागत होता.

आणि आक्का खात नव्हत्या.

एक चमचा घ्यायच्या, दुसरा घ्यायच्या, मग ओठ मिटायचे. मान दाराकडे वळवायच्या. घास गिळता येत होता, ठसका लागत नव्हता, ते मी नीट बघत होते. चमचा डाव्या हातात दिला तर त्या तो खाली ठेवायच्या. डाव्या हाताने अन्नाला शिवायचं नाही हे लहानपणापासून हाडात भिनलेलं, ते लकव्याने थोडंच जाणार. मी आधी गोंजारलं. मग फोडण्या बदलल्या. मग मीठ वाढवलं, मग कमी केलं. मग एके दिवशी माझा तोल गेला आणि मी वाटी आपटून म्हटलं, तुमाला माझ्या हातचं कदी आवडलंच नाय, तर आता तरी तोंडाने सांगा काय पाहिजे. तोंडाने सांगा, असं मी त्या बाईला म्हटलं जिचं बोलणं गेलं होतं.  मी स्वयंपाकघरात येऊन भाकरी थापत बसले आणि पिठाच्या हातानेच डोळे पुसले.

मनात सारखं तेच यायचं, पातेल्यावर परत ठेवलेलं झाकण. मला वाटायचं, जिवावर बेतलंय तरी ही बाई मला जिंकू देणार नाही. दुसरीकडे दिवस जात होते. त्यांच्या दंडाची कातडी लोंबायला लागली. नळीचं नाव घरात कुणी काढत नव्हतं.

मग भातकापणी सुरू झाली. यांचं रोजचं असं होतं की सकाळी शेतावर जायचं, दुपार टळता टळता येऊन जेवायचं. त्याआधी अकराच्या सुमारास मी आक्कांना भरवून घ्यायचे. आजारी माणसाचं आधी, बाकीच्यांचं मागाहून, हेच सगळीकडे चालतं. एके दिवशी यांना मुरबाडला काही कामासाठी जायचं होतं, म्हणून हे लवकरच जेवले. ओटीवरच बसले जेवायला, आक्कांच्या समोर. हे हात धुऊन निघून गेले आणि मी आक्कांपुढे ताटली घेऊन बसले. त्या दिवशी आक्कांनी अर्धी वाटी खाल्ली.

मला वाटलं सुकटीने काम केलं. दुसऱ्या दिवशी तशीच सुकट, तशीच डाळ, अकराची वेळ. दोन चमचे आणि तोंड दाराकडे. तिसऱ्या दिवशी तेच. मी संध्याकाळी यांच्यापुढे कुरकुर केली की तुमच्या बहिणीचं काही कळत नाही, एक दिवस खाते, दोन दिवस उपाशी. हे पाय धूत होते. मान वर न करताच म्हणाले, "ती कदी आमच्या आदी जेवलीय? आई मजुरीला जायची तेवा हीच आमाला वाढायची. आमी सगळी उठल्याशिवाय ती काय ताटाला हात लावायची नाय."

इतके दिवस हे गप्प बसले होते. मी त्यांना त्यावरून जे बोलले ते इथे लिहीत नाही. त्यांचं म्हणणं असं की तू विचारलंस कुठे, तू मीठ कमी-जास्त करत होतीस.

तेव्हापासून घराची वेळ बदलली. हे शेतावरून अकरालाच यायला लागले, कापणीची माणसं कुरकुरली तरी. आक्कांच्या समोर ओटीवर बसून जेवायचे, ताटातलं संपवायचे, उठायचे, आणि मग मी आक्कांना भरवायचे. आक्का खायला लागल्या. दर वेळी. मी देवापुढे साखर ठेवली.

पण बरोबर अर्ध्यावर येऊन थांबायच्या. वाटी अर्धी झाली की डाव्या हाताने चमचा हळूच मागे सारायच्या. मी लहान वाटी करून पाहिली, तरी तिचीही अर्धीच. मोठी केली तर मोठीची अर्धी. आता पोट भरलं असेल म्हणावं तर पोटाला कसं कळतं वाटी केवढी आहे? आग्रह केला तर ओठ मिटून घ्यायच्या, पण पूर्वीसारखी दाराकडे मान नाही वळवायच्या; माझ्याकडे बघत राहायच्या. अन्न टाकवत नाही, त्यातून तुपाचं आणि सुकटीचं, म्हणून उरलेली अर्धी वाटी मी तिथेच, त्यांच्या खाटेशी उभ्या-उभ्या बोटाने निपटून खायचे. मग त्यांचं तोंड पुसायचं, अर्धा तास बसवायचं, भांडी, गुरं, परत चारची वाटी शिजत टाकायची. माझं स्वतःचं ताट कधी तीनला, कधी चारला. कधी तेही राहून जायचं. स्वयंपाक करणाऱ्या बाईचं पोट वासानेच भरतं म्हणतात, तसं. माझे ब्लाऊज सैल झाले होते. एकदा आक्कांना उठवताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी दाराची चौकट धरून उभी राहिले. क्षणभरच. मला वाटलं कुणी पाहिलं नाही.

अर्ध्या वाटीने वजन टिकतं की नाही, मला माहीत नव्हतं. दवाखान्याचा दिवस जवळ आला होता. त्या आठवड्यात संकष्टी आली. माझा उपास होता. हे जेवून उठले, मी आक्कांना भरवलं, अर्ध्यावर चमचा मागे आला. मी बाकीचं खाऊ शकत नव्हते, म्हणून वाटी उचलली आणि कुत्र्याला घालायला मागच्या दाराकडे निघाले.

आक्का ओरडल्या. शब्द नव्हता, नुसता आवाज होता. वळून बघितलं तर त्या डाव्या हाताने खाटेवर थापा मारत होत्या. मी धावत परत आले, वाटलं घास अडकला. तोंडात काही नव्हतं. त्यांनी माझ्या हातातल्या वाटीला बोट लावलं, मग माझ्या छातीला लावलं. ओठ जमवत होत्या. मान ताणली गेली. मग शब्द निघाला.

"तुला."

मी म्हटलं, आक्का, माझा आज उपास हाय. त्यांनी जोरात मान हलवली. वाटी परत माझ्याकडे ढकलली. "नाय. तुला." आणि त्यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं, आणि अंगठ्याने मनगटाच्या वर आलेल्या हाडावरून फिरवून दाखवलं.

मी खाटेवर बसले. सगळं एकदम लख्ख दिसलं. ही बाई इतके दिवस माझा वाटा ठेवत होती. तिने पाहिलं होतं की भाऊ जेवून उठतो, मग भावजय मला भरवते, आणि भावजयीचं ताट कुठेच नाही; भावजय खाते ते एवढंच, माझ्या वाटीत उरेल ते. जन्मभर पातेल्यात खाली काय राहिलंय ते बघून स्वतःचा घास ठरवणारी बाई ती. तिने हिशेब सरळ केला होता, आहे त्यातलं निम्मं हिला. मी तिच्या समोर ती अर्धी वाटी चाटूनपुसून खायचे आणि रोज तिचा समज पक्का करायचे. मी तिला जगवायला धडपडत होते आणि ती अर्धपोटी राहून मला जगवत होती. मी तोंडावर पदर घेऊन रडले. आक्का माझ्या गुडघ्यावर थोपटत राहिल्या, वाटी अजून माझ्या हातात होती.

सांगून त्यांना पटलं नाही. मी मागाहून जेवते हो, पोटभर जेवते, असं मी दहादा म्हटलं. जी बाई स्वतः जन्मभर तेच वाक्य बोलली ती त्यावर कशी विश्वास ठेवणार?

मग दुसऱ्या दिवशी मी ते केलं जे मी लग्न होऊन या घरात आल्यापासून कधीच केलं नव्हतं. हे जेवले आणि त्यांच्या मागोमाग मी माझं ताट वाढून घेतलं, भात, भाकरी, बिरडं, कांदा, आणि थोरल्या नणंदेच्या समोर, ती उपाशी बसलेली असताना, मांडी घालून जेवायला बसले. घास तोंडात फिरत होता. सासूबाई असत्या तर काय म्हणाल्या असत्या हा विचार डोक्यात. आक्का ताठ बसून बघत होत्या. मी चार घास खाल्ले आणि झालं म्हणून उठायला लागले. आक्कांनी ताटाकडे बोट दाखवलं. भाकरी राहिली होती. ती संपवली. त्यांनी परत बोट दाखवलं, आता भाताच्या टोपाकडे. मी परत भात घेतला. हे दारात उभे राहून हसत होते, त्यांना मी डोळे वटारले.

ताट रिकामं झालं, मी हात धुऊन आले, आणि आक्कांनी मी चमचा उचलायच्या आतच तोंड उघडलं. त्या दिवशी त्यांनी सगळी वाटी खाल्ली. डाळ खाल्ली, भोपळा खाल्ला, आणि बिरड्याचा शेवटचा चमचा मी कडेचं निपटून दिला तोही घेतला.

आता आमच्याकडे अशीच रीत पडली आहे. आधी हे, मग मी, सगळ्यात शेवटी आक्का. आलेगेले लोक नावं ठेवतात. आजारी बाईला उपाशी बसवून स्वतः खुशाल जेवते म्हणून काकीने चार घरी सांगितलं. सांगू दे. मी पूर्वी किती लवकर पेटायचे, पण यावर मला रागच येत नाही. पोटात अन्न असलं की माणूस जरा शांत होतं, हे मला या वयात कळलं. इतकी वर्षं मी लोकांना गरम वाढलं आणि स्वतः उभ्याने गार खाल्लं, तेव्हा कुणी समोर बसून माझा घास बघितला नव्हता.

दवाखान्यात गेलो. वजनकाट्यावर आक्कांना खुर्चीसकट ठेवलं. डॉक्टरांनी आकडा बघितला, मागचा कागद काढून ताडून बघितला आणि म्हणाले, वाढलंय थोडं, नळीची गरज नाही, असंच चालू ठेवा. आक्कांनी डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात बदल काय केला? हे सांगायला लागले, सुकट, अंडी, तूप, नाचणी. चमच्यावाल्या बाई मान डोलावत होत्या. खरं काय ते मी तिथे काढलं नाही, आक्कांचा पदर सारखा केला आणि खुर्ची दाराकडे वळवली.

बाहेर आलो तेव्हा ऊन चढलं होतं. गाडीला वेळ होता. आक्कांची चाकाची खुर्ची मी भिंतीच्या सावलीत नेली आणि पिशवीतून त्यांचा डबा काढला. पहाटे घाईत निघालो होतो, हे चार बिस्किटं खाऊन होते, मी काहीच खाल्लं नव्हतं. डब्याचं झाकण उघडलं, चमचा भरला. आक्कांनी ओठ मिटले. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि सगळा जोर एकवटून, वर्दळीत आजूबाजूच्या लोकांनी वळून बघावं एवढ्या मोठ्याने, विचारलं, "जेवलीस?"

मी डब्याला झाकण लावलं, यांना समोरच्या खाण्याच्या हातगाडीवर पिटाळलं, आणि गरम पुरीभाजीचा कागद मांडीवर घेऊन तिथेच पायरीवर बसून आधी पोटभर जेवले.